जमिनीखालचं उपनगरी रेल्वे स्टेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूमिगत स्टेशनांचे आराखडे आणि चाचण्या या कामात माझी बरीच वर्षं गेली. मी काय करतो हे कळलं की लोक जे विचारतात, ते साधारण हेच प्रश्न. उत्तरं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल. अशा स्टेशनात काहीही आत आणणं सोपं असतं. माणसं, उष्णता, पाणी, धूर हे सगळं बाहेर कसं काढायचं, यातच डोकं आणि पैसा खर्ची पडतो.

मेट्रोचं स्टेशनही जमिनीखाली आणि हेही. मग फरक काय?

मेट्रो बहुतेक वेळा आपल्यापुरती जगते. रूळ तिचे, गाड्या एका साच्याच्या, वेळापत्रक तिचं. उपनगरी गाडी मात्र चाळीस-पन्नास किलोमीटर उघड्यावरून धावून येते आणि येताना पावसाचं पाणी, धूळ आणि मुख्य म्हणजे उशीर घेऊन येते. दूरच्या एखाद्या जंक्शनवर मालगाडीमागे तीन मिनिटं अडकलेली गाडी शहराच्या पोटात शिरली, की तिच्या मागे येणाऱ्या सगळ्यांनाच त्या तीन मिनिटांची झळ बसते.

दुसरा फरक आकाराचा. लंडनच्या जुन्या मेट्रोच्या, म्हणजे ‘ट्यूब’च्या, बोगद्यांचा आतला व्यास साडेतीन मीटरच्या आसपास आहे. तिथेच २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइन या उपनगरी मार्गाचा बोगदा ६.२ मीटरचा आहे, कारण त्यात पूर्ण आकाराची गाडी आणि तिच्या डोक्यावरची २५,००० व्होल्टची तार असं दोन्ही बसवायचं होतं. गाडी नऊ डब्यांची, २०० मीटरहून लांब. म्हणजे फलाटही तेवढा लांब, आणि एका गाडीतून एका झटक्यात उतरणारी माणसंही तेवढीच जास्त.

तिसरा फरक नकाशावर दिसतो. म्युनिकमध्ये १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या शाखा शहराखालच्या एकाच बोगद्यात ओवल्या. पॅरिस, लायपझिग, स्टॉकहोम इथेही कल्पना तीच. बाहेर फांद्या अनेक, मधे खोड एकच. त्या खोडावरच्या एका स्टेशनात गाडी वीस सेकंद जास्त थांबली तर त्याचा हिशेब दूरच्या गावातल्या फलाटावर होतो.

स्टेशन एवढं खोल का बांधतात?

हौस म्हणून कोणी खोल जात नाही. वरच्या थरात मलवाहिन्या, केबल, इमारतींचे पाये, तळघरं आणि आधीच्या पिढीने खणलेले बोगदे असतात. नंतर येणाऱ्याला त्या सगळ्यांच्या खालून वाट काढावी लागते. कधी कारण भूगोलाचं असतं. कीव्हचं आर्सेनाल्ना हे मेट्रोचं स्टेशन १०५.५ मीटर खोल आहे ते वरती टेकडी आहे म्हणून. तीच मार्गिका थोडं पुढे जाऊन नदीवरच्या पुलावर निघते.

खोलीची किंमत प्रवासी रोज वेळेत मोजतो. प्रत्येक जास्तीच्या दहा मीटरला सरकत्या जिन्यावरची साधारण अर्ध्या मिनिटाची भर, तीही जाताना आणि येताना. बांधताना एकदा वाचवलेले पैसे असे पुढची शंभर वर्षं लोकांच्या खिशातून थोडे थोडे वसूल होतात. हे आराखड्याच्या बैठकीत बोललं की सगळे मान डोलावतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

एकाच स्टेशनच्या दोन टोकांना वेगवेगळी नावं का असतात?

लांबीमुळे. एलिझाबेथ लाइनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनचं दुसरं टोक मूरगेटला निघतं, फॅरिंग्डनचं दुसरं टोक बार्बिकनला. जमिनीखाली फलाट एकच, वर मात्र दोन वेगळे भाग. चुकीच्या डब्यात बसलात तर उतरल्यावर अख्खा फलाट तुडवा. रोजचे प्रवासी आपला डबा पाठ करून ठेवतात ते यासाठीच.

फलाटाची रुंदी कशी ठरवतात?

नेहमीच्या गर्दीवरून ठरवत नाहीत. हिशेब वाईट दिवसाचा करतात. गर्दीच्या वेळेतली एक गाडी रद्द झाली आहे असं धरायचं. तिचे प्रवासी फलाटावर साठलेले, पुढच्या गाडीचे वरून उतरत आहेत, आणि आता येणारी गाडी आधीच भरलेली आहे व तिच्यातूनही माणसं उतरणार आहेत. ही सगळी मंडळी एकाच वेळी फलाटावर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येते, हे बघायचं. अमेरिकी अभियंता जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये गर्दीच्या ‘ए’ ते ‘एफ’ अशा पायऱ्या मांडल्या. ‘ए’ म्हणजे हातपाय ताणून उभं राहा, ‘एफ’ म्हणजे अंगाला अंग आणि आपण कुठे जायचं हे आपल्या हातात नाही. आजही जगभर बहुतेक हिशेब याच भाषेत होतात.

पण खरी मेख रुंदीत नाही, जिन्यांच्या जागेत आहे. माणूस जिना उतरला की पहिल्या पंधरा-वीस पावलांत थांबतो. मग २०० मीटरच्या फलाटावर जिना एकाच टोकाला असेल तर तिथे चेंगराचेंगरी आणि दुसऱ्या टोकाला कबुतरंही नाहीत, असं दृश्य दिसतं. गाडीच्या दोन दारांपाशी गर्दी आणि बाकीची रिकामी राहिली, तरी गाडी थांबणार त्या दोन दारांसाठीच. म्हणून जिने फलाटभर विखुरलेले हवेत, आणि आजूबाजूच्या स्टेशनांवर ते एकाच जागी येऊ नयेत हेही बघावं लागतं. सगळ्या स्टेशनांचे जिने मधोमध असतील तर रोज मधलेच डबे भरतात.

गर्दी फारच मोठी असेल तर रुळाच्या दोन्ही बाजूंना फलाट देतात. एका बाजूने उतरायचं, दुसऱ्या बाजूने चढायचं. म्युनिकच्या हाउप्टबानहोफ आणि कार्ल्सप्लात्स या स्टेशनांत एस-बान, म्हणजे तिथल्या उपनगरी गाड्यांसाठी अशी सोय आहे. उतरणाऱ्यांची दारं आधी उघडतात, मग चढणाऱ्यांची. या पद्धतीला ‘स्पॅनिश सोल्यूशन’ म्हणतात, कारण ती बार्सिलोनामुळे माहीत झाली. खर्चिक आहे, पण दारात होणारी धक्काबुक्की तिच्याइतकी कशानेच कमी होत नाही.

खाली गाडी उभी दिसतेय आणि वर गेटं बंद! हा काय प्रकार?

यावरून स्टेशनच्या कर्मचाऱ्यांना जेवढ्या शिव्या बसतात, तेवढ्या दुसऱ्या कशावरून बसत नसतील. पण त्यांची बाजू ऐका. सरकता जिना हे विचार न करणारं यंत्र आहे. खालच्या तोंडाशी माणसं थांबलेली असली तरी ते वरून आणखी माणसं ओततच राहतं, सेकंदाला एक-दोन. खाली पाय टेकवायला जागा नसेल तर पहिला मागच्यावर पडतो आणि दहा सेकंदांत ढीग होतो. म्हणून जिन्याच्या खाली आणि वर मोकळी जागा सोडतात, आणि म्हणूनच तिथे थांबून मोबाईल बघणाऱ्याला सुरक्षारक्षक हटकतो.

फलाट भरत आला की कंट्रोल रूम उलट्या क्रमाने दारं लावत जाते. आधी खाली येणारे सरकते जिने थांबवायचे किंवा वर जाणारे करायचे, मग तिकिटाची गेटं, आणि अगदीच झालं तर रस्त्यावरचं शटर. गर्दी उघड्यावर अडवलेली परवडते. तिथे हवा आहे, पळायला जागा आहे. फलाटावर दोन्ही नाहीत आणि एका बाजूला रूळ आहेत.

सरकत्या जिन्यावर चालावं की उभं राहावं?

तुम्हाला एकट्याला घाई असेल तर चाला. स्टेशनला घाई असेल तर दोन्ही बाजूंना उभे राहा. २०१५ च्या अखेरीस लंडनच्या हॉलबर्न स्टेशनवर तीन आठवडे हा प्रयोग झाला. तिथला जिना २० मीटरहून उंच, त्यामुळे चालत चढणारे थोडेच. त्यांच्यासाठी राखलेली डावी बाजू अर्धी रिकामी जायची आणि उजव्या बाजूला खाली रांग लागायची. सगळ्यांना उभं केल्यावर गर्दीच्या वेळेत जवळपास ३० टक्के जास्त माणसं वर पोहोचली. तरी लोक चिडले. कोणीतरी आपल्याला रांगेत उभं करतंय हे आवडत नाही, आकडा काहीही सांगो.

गाडी दिसायच्या आधीच वारा का सुटतो?

बोगद्यातली गाडी म्हणजे पिचकारीतला दट्ट्या. समोरची हवा ढकलते, मागची ओढते. ती हवा कुठेतरी निघायला हवी, नाहीतर सगळी फलाटावर आणि जिन्यांतून येते. टोप्या उडतात, दारं उघडत नाहीत. म्हणून स्टेशनच्या दोन्ही टोकांना वरपर्यंत शाफ्ट, म्हणजे हवेसाठी उभ्या विहिरी काढतात. रस्त्याच्या कडेला खिडक्या नसलेली, जाळीची, कसली आहे ते न कळणारी इमारत दिसली तर बहुधा तीच.

आणि एवढं उकडतं का?

लोकांना वाटतं माणसांच्या गर्दीमुळे. माणसांचा वाटा आहे, पण मोठा वाटा गाडीच्या ब्रेकचा. शेकडो टनांची गाडी ताशी ऐंशीवरून शून्यावर येते तेव्हा तिची सगळी गती उष्णता होऊन स्टेशनात सांडते. दोन-तीन मिनिटांनी पुढची गाडी तेच करते. त्यात वातानुकूलित डबे आतली उष्णता बाहेर फेकतात, म्हणजे पुन्हा स्टेशनातच.

बोगद्याभोवतीची माती पहिली काही वर्षं ही उष्णता पिऊन घेते. लंडनमधली चिकणमाती बोगदे खणले तेव्हा १४ अंशांच्या आसपास होती. शंभरेक वर्षांत ती कित्येक ठिकाणी २० अंशांच्या वर गेली. आता ती पीत नाही, उलट परत देते.

उपाय तीन-चार आहेत आणि ते सगळे एकदम करावे लागतात. ब्रेक मारताना मोटर जनित्रासारखी चालवून वीज तारेत परत द्यायची. गाडी जिथे थांबते तिथे फलाटाच्या कडेखाली आणि रुळांच्या वर हवा ओढणाऱ्या वाहिन्या ठेवायच्या, म्हणजे ब्रेक आणि छतावरच्या यंत्रांची गरम हवा पसरायच्या आत उचलली जाते. मला सगळ्यात आवडतो तो मात्र जुना आणि यंत्राशिवायचा उपाय: स्टेशन उंचवट्यावर बांधायचं. येताना चढ गाडीला थांबवतो, जाताना उतार तिला ढकलतो. लंडनच्या सेंट्रल लंडन रेल्वेने १९०० मध्ये हे केलं होतं. त्या उंचवट्याला ना वीज लागते, ना देखभाल.

डिझेल गाडी आत का चालत नाही?

धूर. हा धडा फार पूर्वी शिकून झालाय. १८६३ मध्ये लंडनची पहिली भूमिगत रेल्वे वाफेच्या इंजिनावर चालली. १८८६ मध्ये लिव्हरपूलची मर्सी रेल्वेही तशीच सुरू झाली, नदीखालून. तिथल्या खोल स्टेशनांत धूर एवढा साठायचा की प्रवासी पुन्हा होडीने जायला लागले आणि कंपनी बुडायला आली. १९०३ मध्ये वीज आली तेव्हा कुठे ती सावरली.

आग लागली तर काय होतं?

इथे थोडं सविस्तर सांगतो.

उघड्यावर आगीत ज्वाळेची भीती. जमिनीखाली भीती धुराची. धूर वर जातो आणि माणसालाही वरच जायचं असतं, दोघांचा जिना एकच. म्हणून सगळं डिझाइन वेळेभोवती फिरतं. अमेरिकेतला ‘एनएफपीए १३०’ हा नियम जगात खूप ठिकाणी वापरतात. त्याचं मोजमाप असं: फलाट ४ मिनिटांत रिकामा व्हायला हवा, आणि फलाटावरच्या सगळ्यात दूरच्या माणसाने ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचायला हवं. हिशेब करताना एक सरकता जिना बिघडलेला धरायचा. जिन्यांची रुंदी, गेटांची संख्या, बाहेर पडण्याची दारं यांचे आकडे गर्दीच्या सोयीपेक्षा या ४ आणि ६ मिनिटांवरूनच जास्त ठरतात. रोज ओस पडलेला, कोणी न वापरणारा जिना दिसला की ‘एवढा कशाला बांधला’ म्हणू नका. तो त्या एका दिवसासाठी आहे.

नियम असे हवेतून आलेले नाहीत. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर लाकडी सरकत्या जिन्याखाली साठलेल्या ग्रीस आणि कचऱ्यावर पेटती काडी पडली. आग आधी किरकोळ वाटत होती. मग अचानक ती तिकीटघरात फुटली आणि ३१ माणसं गेली. तपासात कळलं की तीस अंशांच्या तिरक्या खोबणीत ज्वाळा सरळ वर न उठता जिन्याला चिकटून आडव्या पडतात आणि वरचं लाकूड आधीच तापवत जातात. संगणकावर हे दिसलं तेव्हा तज्ज्ञांचाच विश्वास बसेना; लहान प्रतिकृती जाळून बघितल्यावर बसला.

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ ला वेगळंच घडलं. एका माणसाने गाडीत आग लावली. काही मिनिटांत समोरच्या रुळावर दुसरी गाडी येऊन थांबली, तीही पेटली. वीज गेली, गाडी हलेना. चालकाने निघताना किल्ली काढून नेली आणि दारं बंद राहिली. १९२ मृत्यू झाले, त्यातले बहुतेक त्या दुसऱ्या गाडीतले. आग लावली एकाने, पण एवढी माणसं गेली ती दुसरी गाडी स्टेशनात येऊ दिली म्हणून. आज धुराची सूचना आली की पहिलं काम असतं मागच्या गाड्या रोखणं आणि जवळ आलेलीला न थांबता पुढे काढणं. डब्यांच्या आत जळणारं सामान वापरायचं नाही, हेही त्यानंतर तिथे कडक झालं.

धूर हलवायला बोगद्याच्या तोंडाशी माणसापेक्षा उंच पंखे असतात. ते दोन्ही दिशांना फिरतात. एका टोकाचे हवा आत ढकलतात, दुसऱ्या टोकाचे ओढून घेतात, म्हणजे धूर एका बाजूला आणि ताज्या हवेकडे तोंड करून माणसं दुसऱ्या बाजूला. कुठल्या जागी आग लागली तर कुठला पंखा कुठे फिरवायचा, याचा तक्ता आधीच बसवलेला असतो; ऑपरेटरने फक्त योग्य ओळ निवडायची.

इथेच घोडं पेंड खातं. एका स्टेशनच्या चाचणीत आम्ही फलाटावर कृत्रिम धूर सोडला आणि कंट्रोल रूममधून आज्ञा दिली. पॅनलवर चारही पंख्यांपुढे ‘बाहेर’ असे हिरवे दिवे लागले. सगळे खूश. खाली मात्र धूर आमच्याच अंगावर येऊन जिन्याकडे निघाला. एका पंख्याच्या तीन वायरींपैकी दोन जोडताना अदलाबदल झाली होती, त्यामुळे तो उलटा फिरत होता. दिव्याला ते कळणार कसं? दिवा आज्ञा दाखवत होता, वारा नाही. तेव्हापासून चाचणीला जाताना माझ्या खिशात पातळ कागदाची पट्टी असते. जाळीपुढे धरायची, कागद कुठे झुकतो ते बघायचं. मगच सही.

फलाटाला काचेचे दरवाजे सगळीकडे का बसवत नाहीत?

फायदे उघड आहेत: कोणी रुळांवर पडत नाही, गार हवा बोगद्यात जात नाही, कचरा खाली जात नाही. १९६१ मध्ये लेनिनग्राडच्या पार्क पोबेदी स्टेशनवर फलाट आणि रूळ यांच्यामध्ये भिंत आणि तिच्यात दरवाजे असं बांधकाम झालं. १९८७ पासून सिंगापूरने वातानुकूलित भूमिगत स्टेशनांत ते सर्रास वापरले.

अडचण उपनगरी गाड्यांची आहे. एका डब्याला बाजूला तीन दारं, दुसऱ्याला चार, तिसऱ्याची लांबीच वेगळी. फलाटाचा दरवाजा नेमका कुठे बसवणार? स्टॉकहोमने २०१७ मध्ये शहराखालच्या नव्या बोगद्यातल्या दोन स्टेशनांत ते बसवले, कारण तिथे एकाच जातीच्या गाड्या चालतात. ओसाकाने २०२३ च्या मार्चमध्ये वेगळीच करामत केली. ओसाका स्टेशनच्या नव्या भूमिगत भागातल्या २१ नंबरच्या फलाटावर अख्खी भिंतच सरकती आहे. कुठली गाडी येतेय ते ओळखून काचेचे भाग इकडेतिकडे सरकतात आणि त्या गाडीच्या दारांसमोर वाट करून देतात. बघायला फार सुंदर. देखभाल करणाऱ्यांना मात्र झोप लागत असेल का, ही शंका आहेच.

फरशीवरचे पिवळे ठिपके घसरू नये म्हणून असतात का?

नाही, ते डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी आहेत. जपानच्या सेइइची मियाके यांनी ते तयार केले आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवले. रेघा म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा. दोन्ही बाजूंना रूळ असलेल्या फलाटावर मात्र ठिपक्यांवर उभा असलेला माणूस कुठल्या बाजूला सुरक्षित आहे, हे ठिपके सांगत नाहीत. म्हणून जपानमध्ये ठिपक्यांच्या आतल्या कडेला एक उभार रेघ वाढवली. रेघ लागली तिकडे फलाट. बोटभर रुंदीची ही सुधारणा मला कित्येक महागड्या यंत्रांपेक्षा शहाणी वाटते.

पावसात स्टेशन बुडत कसं नाही?

कधीकधी बुडतं. २००१ च्या सप्टेंबरात नारी वादळात तैपेईचं मुख्य स्टेशन पाण्याखाली गेलं. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कचं साउथ फेरी हे जेमतेम साडेतीन वर्षं जुनं भूमिगत स्टेशन छतापर्यंत भरलं. समुद्राचं खारं पाणी, त्यामुळे विजेचं सगळं सामान गेलं. ते पुन्हा उघडायला २०१७ उजाडलं.

पहिला उपाय इतका साधा आहे की लोक त्यावर वैतागतात: स्टेशनात उतरण्याआधी दोन-चार पायऱ्या चढायला लावायच्या. ‘खाली जायचंय तर वर कशाला’ असं वाटतं ना? त्या पायऱ्या म्हणजे बांध आहे. दाराच्या दोन्ही कडांना उभ्या खाचा दिसतील. पूर आला की त्यांत फळ्या सरकवतात. हवेच्या शाफ्टची जाळीही अशीच उंच लागते. ती फुटपाथच्या पातळीवर ठेवली तर दरवाजे बंद करून काही उपयोग नाही, पाणी छतातून येतं.

पावसापेक्षा चिवट शत्रू म्हणजे भूजल. कितीही चांगलं बांधकाम असो, कुठेतरी पाणी मुरतंच. ते नाल्यांतून सगळ्यात खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये आणतात आणि तिथून पंपाने वर फेकतात. एक पंप चालू, एक राखीव, आणि दोन्ही वेगवेगळ्या विजेवर. रात्री दोन वाजता सम्पच्या झाकणावर उभं राहिलं की खालून पंपाची घरघर, मग पाइपातला झडपेचा ‘ठक्’ आणि पुन्हा शांतता ऐकू येते. दोन ठक्-मधलं अंतर कमी होत चाललं तर कुठेतरी नवी गळती आहे. जुन्या मेकॅनिकला मीटर बघावं लागत नाही.

आणि एक गंमत, जिच्यावर लोक पटकन विश्वास ठेवत नाहीत. स्टेशन बुडण्यापेक्षा तरंगण्याची भीती मोठी असते. आतून पोकळ डबा पाण्याने भरलेल्या मातीत बसवला तर पाणी त्याला वर ढकलणारच. टोकियोत पूर्वी कारखाने भूजल उपसायचे, त्यामुळे पातळी खाली होती, आणि स्टेशनं त्या पातळीच्या हिशेबाने बांधली. पुढे उपशावर बंधनं आली, पाणी चढलं, आणि टोकियो स्टेशनचा १९७२ चा खोल भूमिगत भाग वर उचलला जाण्याची चिन्हं दिसू लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तळातून खालच्या थरात शंभराहून जास्त अँकर ठोकून तो अक्षरशः जमिनीला बांधून ठेवला. टोकियोतल्याच उएनो स्टेशनात शिनकान्सेन या बुलेट ट्रेनच्या भूमिगत फलाटांसाठी आधी हजारो टन लोखंडाचं वजन आणून ठेवलं होतं.

एवढी गर्दी आहे तर गाड्या वाढवत का नाहीत?

तासाला २४ गाड्या म्हणजे दर १५० सेकंदांना एक. ३० म्हणजे दर १२०. म्युनिकच्या मधल्या बोगद्यात एका दिशेला ३० पर्यंत जातात; पॅरिसमध्ये शात्ले आणि गार द्यू नॉर या स्टेशनांमधल्या, दोन मार्गिकांनी वाटून घेतलेल्या बोगद्याची क्षमता ३२ ची आहे. आता १२० सेकंदांचा हिशेब करा. गाडी ४५ सेकंद थांबते. उरलेल्या ७५ मध्ये ही २०० मीटरची गाडी पूर्ण बाहेर पडायला हवी, सिग्नल मोकळा व्हायला हवा आणि मागची गाडी ब्रेक मारत आत यायला हवी. कोणी दारात पाय अडकवून मित्राची वाट बघत दहा सेकंद खाल्ली की तो हिशेब मोडतो, आणि मागे बोगद्यात गाड्यांची रांग लागते.

सिग्नल सुधारून थोडं मिळतं. लंडनच्या थेम्सलिंक या उपनगरी मार्गावर २०१८ पासून मधल्या भागात गाडी संगणक चालवतो, कारण प्रत्येक वेळी ठरल्या सेकंदाला ब्रेक मारणं माणसाला जमत नाही. पण शेवटी मर्यादा फलाटावर ठरते. रुंद दारं, दारापाशी मोकळी जागा, डबा आणि फलाट एका पातळीवर, आणि उतरणाऱ्यांना आधी वाट.

घोषणा कळत का नाहीत?

काँक्रीट, काच, ग्रॅनाइट. सगळं कडक, त्यामुळे एकेक शब्द दोन-तीनदा आपटून येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. आवाज वाढवला की आणखी बिघडतं. लहान लहान स्पीकर जवळ जवळ लावायचे आणि छताला आवाज शोषणारे पत्रे बसवायचे, हा इलाज. ते पत्रे खर्च कापताना सगळ्यात आधी उडतात.

स्वच्छतागृह का नसतं, किंवा असलं तर बंद का?

मलवाहिनी डोक्यावर असते. इमारतीत मैला खाली वाहतो. इथे तो टाकीत साठवून पंपाने वीस-तीस मीटर वर चढवायचा असतो. तो पंप तुंबला की काय होतं, हे सांगायची गरज नाही. बांधायलाच हवीत, यात वाद नाही. पण ती शक्यतो वरच्या मजल्यावर, गेटांजवळ असावीत.

रात्री स्टेशन बंद करून आत काय करतात?

शेवटची गाडी गेल्यावर आणि पहिली येण्याआधी तीन-चार तास मिळतात असं वाटतं. त्यातला पहिला अर्धा तास तारेची वीज बंद करून ती जमिनीला जोडण्यात जातो. त्याशिवाय कोणी रुळांवर पाय ठेवत नाही. शेवटचा अर्धा तास सगळं परत चालू करण्यात. मधल्या वेळेत रूळ तपासायचे, पंखे फिरवून बघायचे, जिन्यांच्या पायऱ्या काढून खालचा कचरा उपसायचा, बोगद्यातली काळी धूळ शोषून घ्यायची. ही धूळ बहुतांशी चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून निघालेलं लोखंड असते. चुंबक फिरवला तर मिशा फुटल्यासारखी चिकटते.

निघताना हत्यारांची मोजणी होते. आत नेलेल्या प्रत्येक वस्तूची यादी असते आणि ती जुळल्याशिवाय वीज चालू करायची परवानगी मिळत नाही. एका रात्री आमचा एक चोवीस नंबरचा पाना कमी भरला. पहाटेचे सव्वाचार, पहिली गाडी पाचला. सहा जण बॅटऱ्या घेऊन पुन्हा रुळांवर उतरलो, दोनशे मीटर वाकून वाकून बघितलं. पाना सापडला एकाच्या मागच्या खिशात. पहिली गाडी चार मिनिटं उशिरा आली, आणि फलाटावर घोषणा झाली: ‘तांत्रिक कारणामुळे’.